मागची दोन चाकं

मोहाडीच्या तहसील कार्यालयात मी अव्वल कारकून आहे आणि माझ्याकडे लाल रंगाची, बुटकी, गुरगुरत पळणारी गाडी आहे. या दोन गोष्टी एकाच बाईच्या असू शकतात हे आमच्या गावाला अजून पटलेलं नाही. नागपूरच्या एका डॉक्टरच्या मुलाकडून ती मी सेकंडहँड घेतली. कशाला घेतली असं विचारणाऱ्याला मी एकच उत्तर देते, हवी होती म्हणून. माझं नाव रत्नमाला. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी नोकरीच्या अठरा वर्षांत कष्टानं मिळवली आहे.

पण सांगायचं आहे ते दादाजींबद्दल. दादाजी हे त्यांचं नावच. वय अडुसष्ट. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं टायरचं दुकान आहे आणि चाळीस वर्षांत त्यांनी मुख्यतः ट्रॅक्टरचीच चाकं हाताळली. आता दुकान त्यांचा मुलगा सचिन चालवतो. त्यानं टायर चढवायचं मशीन आणलं आणि दादाजींच्या हातातल्या पहारी भिंतीला लागल्या. दादाजींकडे एकच काम उरलं, निशाणी करायचं. कुठलं टायर कुठल्या बाजूला, कुठल्या दिशेनं बसेल, ते खडूनं बाण काढून ते सांगायचे आणि सचिन तसं चढवायचा. एकदा बापलेकांत यावरूनही वाजलं. सचिन म्हणाला, आता घरी आराम करा. दादाजी गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ज्या दिवशी माह्या निशाणीनं चाक उलटं बसन, त्या दिवशी खडू तुह्या हातात देईन. तोवर बोलू नोको." मी तेव्हा तिथं ट्यूबलेस पंक्चर काढून घेत उभी होते.

माझ्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले तेव्हा मी आधी नागपूरला विचारलं. पहिले होते तसेच परदेशी चार टायर घ्यायचे तर त्या पैशांत दुभती म्हैस आली असती. दुसऱ्या दुकानात स्वस्त होते, पण दुकानदार घाई करत होता, आणि घाई करणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. शेवटी दादाजींकडे गेले. ते म्हणाले, "अशी गाडी मी कधी केली नाही. पण आणून तं पाहू दे."

त्यांनी आधी नव्या टायरचं नावच काढलं नाही. जुन्या टायरवर तळवा फिरवला, आतून बाहेर आणि बाहेरून आत. मग मला फिरवायला लावला. एका बाजूनं हात सरकला, दुसऱ्या बाजूनं अडकला. "हे पाय, आतली कड खाल्ली हाय. तुह्या गाडीचे चाकं वाकडे चालून राहिले. ते सरळ न करता सोन्याचे टायर लावले तरी वर्षात खाऊन टाकन." हे मला नागपुरात कोणी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. दादाजींना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण टायरवरचा एकही आकडा ते सोडत नाहीत. दोनशे पाच म्हणजे रुंदी, सतरा म्हणजे आतली रिंग, हे त्यांना ठाऊक होतं. मधले पंचेचाळीस काहून? रिंगच्या पुढचे अठ्ठ्याऐंशी काहून? मी मोबाईलवर शोधून सांगत होते. अठ्ठ्याऐंशी म्हणजे एका चाकानं पेलायचं वजन, हे कळल्यावर ते म्हणाले, हा आकडा खाली यायला नको. शेवटचं अक्षर वेगाचं निघालं, ताशी दोनशे चाळीस. "एवढ्या जोरानं गेली तं मोहाडी कवा आली अन् कवा गेली, तुले समजनच नाही," असं म्हणून त्यांनी त्या अक्षराकडे दुर्लक्ष केलं. चार आकड्यांत टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनलं ते लिहिलेलं असतं, ते त्यांनीच मला दाखवलं. घाई करणाऱ्या दुकानदाराचे टायर स्वस्त का होते, ते मी मोबाईलवर काढून आणलेल्या फोटोवरून तिथल्या तिथं समजलं: ते साडेचार वर्षांपूर्वीचे होते.

असं दोन दिवस चाललं. मी अर्ज, दाखले, फेरफार सोडून जेवणाच्या सुट्टीत दुकानात जात होते. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. शेवटी आपल्याच देशातल्या एका कंपनीचे मधल्या भावाचे टायर ठरले. ताजे होते, ओल्या रस्त्यावर चांगले धरतात असं वापरणाऱ्यांनी लिहिलं होतं, आणि चारही सारखे मिळत होते. सचिननं ते नागपूरहून मागवले; तोवर मी भंडाऱ्याला जाऊन वाकडी चाकं सरळ करून घेतली.

टायर आले तेव्हा त्यांच्यावरची नक्षी वेगळी निघाली. मध्यातून दोन्ही कडांकडे तिरप्या खाचा, म्हणजे माशाच्या मणक्यातून दोन्हीकडे काटे निघतात तशा, आणि कडेला छापलेला एक बाण. सचिननं विचारलं, "बाबा, बाण हाय. चारहीचे बाण समोरच का?"

दादाजींनी विचार केला. मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं सुंदर होतं की आजही मला त्यात खोट काढता येत नाही. ट्रॅक्टरचं मोठं चाक स्वतः ओढतं, म्हणून त्याच्या खाचा सरळ. पण ट्रॅक्टरमागे बांधीत, म्हणजे भाताच्या चिखलाच्या खाचरात, ओढल्या जाणाऱ्या यंत्राचं चाक स्वतः ओढत नाही, त्याला ओढलं जातं. त्याचं खाचेचं टायर उलटं बसवायचं, म्हणजे चिखलात ते घसटत नाही, फिरतं. भय्याजी नावाच्या जुन्या मिस्त्रीनं त्यांना हे शिकवलं होतं आणि भाताच्या चाळीस रोवण्यांत ते कधी चुकलं नव्हतं. "हिचं इंजिन समोरचे चाकं ओढते. मांगचे चाकं कोण ओढते? कोणीच नाही. ते ओढले जाऊन राहिले." त्यांनी पुढच्या टायरांवर बाण सरळ काढला, मागच्यांवर उलटा. सचिननं मान डोलावली. मीही डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात हे ज्ञान चौघांना ऐकवलं.

आठ दिवसांत गाडी बोलायला लागली. साठच्या पुढं गेलं की मागून घुंईं असा आवाज. शिवाय भंडाऱ्याच्या वाटेवर, जिथं ट्रॅक्टर बांधीतला चिखल डांबरावर सांडतात, तिथं ओल्यात मागची बाजू किंचित हलल्यासारखी वाटली. मी तावातावानं दुकानात गेले. दोन शेतकरी ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन बसले होते आणि दादाजी त्या ट्यूबला पट्टी लावत होते.

"नवीन टायर हायेत मॅडम," सचिन म्हणाला. "हजारेक किलोमीटर चालू द्या, आवाज बसते."

मी ते मान्य करून परत फिरणार होते. दादाजींनी मान वर न करता विचारलं, "समोरून का मांगून?"

"मागून."

"कोरड्यात जास्त का ओल्यात?"

"आवाज कोरड्यात. ओल्यात ती मला आवडत नाही."

ते उठले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तुमसर रस्त्यानं आम्ही थोडं जाऊन आलो. परत येऊन त्यांनी पट्टीचं काम पुढं सुरू केलं. अंगठा आधी पट्टीच्या मधोमध दाबला, मग हळूहळू कडेकडे नेला. तसंच करायचं असतं. कडा आधी दाबल्या तर हवा मधे अडकते आणि फुगा राहतो. चाळीस वर्षं ते हेच करत आलेत. अंगठा कडेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

ते माझ्या गाडीच्या मागच्या चाकाशी जाऊन बसले. तळवा खाचेवर ठेवून त्यांनी चाक जमिनीला कसं टेकत जाईल ते बोटानं पाहिलं. मग पुढच्या चाकाशी गेले आणि पुन्हा मागं आले. "समोरचं चाक आधी मधी टेकते, मंग कडेले," ते म्हणाले. "पाणी बाहेर जाते. मांगचं आधी कडेले टेकते. पाणी मधी कोंडते."

मी म्हणाले, "पण ते ओढलं जातं ना?"

"बांधीत चाक चिखल धरून फिरते, तिथं तो हिशोब खरा. डांबरावर पाणी फकस्त बाहेर काढाचं असते. पाणी थोडीच पायते, चाक ओढून राहिलं का ओढलं जाऊन राहिलं?"

आता जे सांगते ते नीट ऐका. ही चूक दुरुस्त करायला मशीनही लागत नव्हतं. मागची दोन चाकं काढून डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे लावलं की बाण आपोआप सरळ. दहा मिनिटांचं काम. "चाकं अदलून पाहू, आवाज कमी होईल," एवढं म्हटलं असतं तरी मी आभार मानून गेले असते, शेतकऱ्यांना काही कळलं नसतं आणि दादाजींची निशाणी दादाजींकडेच राहिली असती. त्यांनाही हे दिसत होतं. ते क्षणभर पाना हातात घेऊन उभे होते.

मग ते मोठ्यानं म्हणाले, "सचिन, माह्या निशाणीनं दोन चाकं उलटे बसले. इकडं ये." त्यांनी खिशातला खडू काढून मशीनवर ठेवला.

सचिन चाचरला. "बाबा, मी बी तं हो म्हणलं होतं."

"तू माह्या भरवशावर म्हणला." ते माझी चाकं स्वतः काढायला बसले. पहिला नट सुटल्यावर त्यांचा हात थांबला. "चैत्रात एक पांढरी गाडी आली होती. साधीच, पण टायर असेच बाणाचे. तिचे मांगचे टायर मीच सांगतले होते. तिचा नंबर लिहला का तू?"

नंबर कोणीच लिहिला नव्हता. तो माणूस लाखनीकडचा होता, इकडं लग्नाला आला होता, एवढंच सचिनला आठवत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दादाजी एसटीनं लाखनीला जायला लागले. रविवारी मी त्यांना पाहायला गेले. हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर ते बसले होते. पांढरी गाडी थांबली की उठून मागच्या चाकाशी वाकायचे. दोघांनी त्यांना चोर समजून हटकलं होतं. मला फार वाईट वाटलं आणि तसं मी म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना भलताच प्रश्न पडला होता. "लोकं नवीन टायर समोर टाकतेत अन् घासलेले मांगं. काहून? घसरते तं मांगूनच."

बुधवारी कार्यालयात फोन आला. पांढरी गाडी सापडली होती.

"चांगला माणूस हाय," दादाजी म्हणाले. "मले चहा पाजला. त्यानं वैशाखातच नागपूरले चाकं अदलून घेतले होते. तिथच्या माणसानं सांगतलं म्हणे, उलटे हायेत."

"मग सुटलात तुम्ही," मी म्हणाले.

"हो. पण रत्ना, त्याचा सासरा आंधळगावचा, मोहाडीवरूनच जा लागते. राखी झाली, बैलाचा पोया झाला, दोनदा तो माह्या दुकानासमोरून गेला. मले सांगाले काहून नाही थांबला? मले वैशाखातच समजलं असतं तं तुह्या गाडीले उलटे लागले नसते."

का थांबला नाही ते मला ठाऊक होतं. म्हातारा माणूस आहे, जाऊ द्या, असं म्हणून तो पुढं गेला असणार. त्यात त्याला स्वतःचा चांगुलपणाच वाटला असेल. चूक सांगावी एवढीही किंमत त्यानं दादाजींना दिली नव्हती. हे मी फोनवर कसं सांगणार? मी म्हणाले, विसरला असेल.

"असन," दादाजी म्हणाले. फोन त्यांनी ठेवला नाही. मागून ट्रकचे आवाज येत होते.

"तुले नागपूरले समजलं असतं," त्यांनी विचारलं, "तं तू आली असती ना सांगाले?"

"आले असते," मी म्हणाले, आणि ते खोटं होतं.