चौकातली शेफाली

शेफाली नववीत गेली आणि तिला दोन चेहरे झाले. एक घरातला, एक मोबाइलमधला. घरातल्यावर मुरुमं होती, नाक बापाचं होतं. मोबाइलमधला दुधासारखा गोरा, हनुवटी तर पेन्सिलीला टोक केल्यागत. वर्गातल्या अस्मिता आणि श्रद्धाचीही तीच तऱ्हा. तिघी शेजारी बसून आपापले फोटो गोरे करायच्या आणि मग एकमेकींना "किती क्यूट गं!" म्हणायच्या. कौतुक नक्की कोणाचं चाललंय, देव जाणे.

या टोळीची मालकीण अस्मिता. कोणाशी बोलायचं, कोणाला टाळायचं, केस कुठल्या बाजूला पाडायचे, सगळं ती ठरवणार. शेफालीला तिनं दिवाळीनंतर आत घेतलं, तेही उपकार केल्यासारखं. आता वाढदिवसाला दोघी पहिल्यांदाच वारज्याला घरी यायच्या होत्या. दिवस नीट पार पडला तर शेफाली टोळीत पक्की. नाहीतर मधल्या सुट्टीत डबा पुन्हा एकटीनं खायचा.

बाप संतोष. शेताच्या जागी इमारत उभी राहिली, पण गावची हौस काही जाईना. लेकीचा वाढदिवस म्हणजे चौकात फ्लेक्स पाहिजे, आणि फ्लेक्स म्हटला की खाली शुभेच्छुकांची रांग पाहिजे. पुढारी कुठून आणायचे? त्यानं लेकीच्या मैत्रिणीच लावल्या. फोटो घेतले ते बाईंनी पालकांच्या ग्रुपवर टाकलेले सहलीचे. सिंहगड चढून घामाघूम झालेल्या पोरी, तोंडात भज्यांचा घास.

दोघी रिक्षातून उतरल्या त्या नेमक्या फ्लेक्सखाली. वर दहा फुटी शेफाली, मुरुमांसकट. खाली श्रद्धा, आणि कोपऱ्यात गाल फुगलेली अस्मिता.

त्यांना घ्यायला बापाबरोबर आलेल्या शेफालीनंही फ्लेक्स आत्ताच पाहिला आणि बापाची बाही ओढली. "पप्पा, काढा ना ते!"

"का गं? झकास हाय की! तोंड लपवायला काय चोरी केलीया?"

अस्मिता वर बघत राहिली. शेफालीनं मनातल्या मनात डबा उघडून एकटीनं खायला सुरुवातही केली.

"काका," शेवटी अस्मिता म्हणाली, "श्रद्धाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा का?"

"कारण मी बेस्ट फ्रेंड आहे," श्रद्धा म्हणाली. "खाली लिहिलंय बघ, जिवलग मैत्रीण."

"तू? तिला ग्रुपमध्ये घेतलं कोणी? मी!"

"घेतलंस, आणि मागनं तिच्या नाकाला हसलीस."

"तू पण हसलीस!"

भर चौकात जुंपली. भाजीवाल्या मुक्ताबाईंनी वजनकाटा सोडून कान इकडे लावले. दोघी काही हटेनात. शेवटी दोघी एकदमच शेफालीकडे वळल्या, "तूच सांग, बेस्ट कोण?"

या दोघींनी आजवर शेफालीला साधी वेळसुद्धा विचारली नव्हती. तिनं दोघींना तसंच भांडत ठेवलं आणि बापाजवळ जाऊन हळूच म्हणाली, "पप्पा, राहू द्या. महिनाभर तरी."