पाण्याची वाट विचारणारे साडू

ताजमहालासमोर उभं राहून "वरच्या गच्चीतलं पाणी कुठून उतरतं हो?" असं गाईडला विचारणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच निघेल, आणि तो माझ्याच वाट्याला साडू म्हणून यावा, हे माझं भाग्य. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सुटका नव्हती. भिवंडीत ते रस्त्याने चालतच नसत. मान खाली घालून गटाराच्या कडेने चालत, आणि समोरून ओळखीचं कुणी आलं तर आधी त्याच्या पायाखालची गटाराची फरशी पाहून मग चेहऱ्याकडे वळत. कुणाच्या घरी गेले की नमस्काराआधी मोरी. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे आले, मुलगी आली आणि साडू गायब! शोधलं तर हे मागच्या अंगणात मुलीच्या वडिलांना विचारताहेत, "तुमचं सांडपाणी शेजाऱ्याच्या केळीत जातंय, त्याला विचारलंत का?" लग्न जमलं, पण त्याचं श्रेय साडूंना देता येणार नाही. लोक खिशाला पेन लावतात, हे गवंड्याची पाणसळ बाळगत. माझं नवं टेबल घरी आलं तेव्हा पेढा तोंडात टाकण्याआधी त्यांनी ती त्यावर ठेवली आणि "आग्नेयेला झुकतंय," म्हणून दुःखाने मान हलवली. तेव्हापासून त्या टेबलावर सांडलेला चहा आग्नेयेलाच जातो, हे मला मान्य करावं लागतं.

पोटापाण्यासाठीही ते हेच करीत. सत्तरच्या दशकात ते नगरपालिकेच्या गटारांच्या कामावर ओव्हरसियर होते. गाव फुगत होतं, रात्रंदिवस यंत्रमागांची खडखड चालू होती, आणि खाडीच्या अंगाला मागावरच्या कामगारांची एक वस्ती दाटत चालली होती. वस्तीच्या वरच्या बाजूला सायझिंगचे आणि रंगाचे कारखाने. पाऊस लागला की सुताला लावायच्या कांजीचं आणि रंगाचं पाणी पावसाच्या पाण्यात मिसळून गल्लीतून वाहत येई आणि वस्तीतल्या एकुलत्या एका विहिरीत उतरे. विहीर कधी गुलाबी, कधी हिरवी, आणि घरोघरी मुलं जुलाबाने आडवी. साडूंनी हे फार मनाला लावून घेतलं. वस्तीला दोन गटारं हवीत, एक कारखान्यांच्या पाण्याचं आणि एक पावसाचं, असा त्यांनी ध्यास घेतला. "पावसाचं पाणी गरिबाच्या दाराशी येईपर्यंत चांगलंच असतं हो," ते म्हणत. "ते तसंच पुढे जाऊ द्यायचं, एवढंच तर काम आहे!"

एका शनिवारी वस्तीत पांढऱ्या फक्कीने त्यांनी गटारांच्या रेघा आखल्या आणि दुसऱ्या दिवशी 'हवा खायला' म्हणून मला तिथे नेलं. (साडूंच्या हवेचा वास कसा असे, ते सांगत नाही.) पाहतो तर रेघा जागेवर नाहीत! वस्तीत फक्की आली म्हणजे घरं तुटणार, एवढंच बायकांना ठाऊक. पण सरकारी रेघ पुसायची कशी? म्हणून प्रत्येकीने आपल्या दारासमोरची रेघ झाडून ती मोठ्या अदबीने शेजारणीच्या दाराकडे सरकवली होती, आणि शेजारणीने पुढच्या दाराकडे. अशी सरकत सरकत रेघ शेवटी चढावर जाऊन सायझिंगच्या भिंतीला भिडली होती.

"सायेब, आमच्या दारात नको हाय ती," वळ गावाकडून आलेली एक बाई म्हणाली. "तिथं वर मोकळी जागा हाय ना?"

दुसरा कुणी भडकला असता. साडू मात्र चढावरच्या त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले. "पाणी चढणार कसं, बाई?" एवढंच म्हणाले, आणि त्यांनी कपड्यांची नीळ मागवली. बादलीभर पाण्यात ती कालवून गल्लीच्या वरच्या तोंडाशी ओतली. निळं पाणी एका ओट्याला चाटून, दुसऱ्या उंबऱ्याशी थबकून थेट विहिरीकडे निघालं. सगळ्या बायका त्याच्यामागे निघाल्या. आणि तेवढ्यात साडूंच्या लक्षात आलं की पाणी सोडण्याची योजना पक्की होती, थांबवण्याची नव्हती. ते धावले आणि पांढऱ्याशुभ्र पँटीसकट विहिरीच्या काठाशी पाण्याच्या वाटेत फतकल मारून बसले.

"हिलना मत, साब! बैठे रहो!" कोपऱ्यावरची खाला, अख्ख्या वस्तीची मावशी, ओरडली आणि चुलीतली राख आणायला धावली.

या खालाचा नवरा मागावर शिफ्टमध्ये काम करी, आणि ती आपल्या ओट्यावर बसून दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरी. गटाराची खरी वाट नेमकी त्या ओट्यावरून जात होती. राखेचा बांध घालून झाल्यावर ती निळ्या झालेल्या साडूंना म्हणाली, "ओटा ले लो, साब. पन नाली दो होनी चाहिए. कुआं साफ रैना मंगता." साडूंनी तिथेच शब्द दिला. पँटीचा निळा रंग गेला नाही, आणि माझ्या मेहुणीने त्या पँटीचा विषय पुढे कित्येक वर्षं सोडला नाही.

ओटा तुटला, पण गटार एकच झालं, कारखान्यांच्या पाण्याचं. दुसऱ्याचं पुढे पाहू, असं वरून ठरलं. गावात सगळीकडेच गटारांची वानवा होती, तेव्हा दोष तरी कुणाला द्यायचा? पण साडूंची झोप उडाली. "पावसाचं पाणी जाऊन त्याच गटारात पडलं की ते तुंबणार आणि पुन्हा विहिरीवर येणार," ते म्हणत. "मी त्या बाईचा ओटा घेतलाय हो!" एका शुक्रवारी, माग बंद असताना, ते स्वतःच कुदळ घेऊन पावसाच्या पाण्याची कच्ची चर खणायला गेले. हाताला फोड आले आणि चर वीतभरसुद्धा सरकेना. "ऐसे खोदोगे तो अगले साल की बारिश आएगी," म्हणत खालाने कुदळ काढून घेतली, आणि मग सगळी वस्तीच खणायला उतरली. चर दर वर्षी गाळाने भरे, म्हणून दर वर्षी मृगाआधीच्या एका शुक्रवारी साडू पाणसळ घेऊन हजर राहत. पक्कं गटार काही झालं नाही, पण विहिरीला पुन्हा रंग चढला नाही.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली, बोलणं जड झालं. मृग जवळ आला तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला, म्हणून मीच वस्तीत गेलो. चर खणून तयार होती. खाला म्हणाली, "राह देखी साब की, फिर खोद ली. पानी डालके देखा, बराबर जाता है." तिने विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. "साब को दिखाना. बहोत याद करते हैं, बोलना."

साडूंनी ती बाटली चांगल्या हाताने खिडकीच्या उजेडात धरली. "रंग... नाही," ते सावकाश म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मलाही राहवलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी खुणेने दोन पेले मागवले. मला विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी पेला तोंडाला लावला, आणि तो रिकामा होईपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते.