दीपाचा अंतराळवीर

श्रीरामपुरात टंकलेखनाचे वर्ग चालविणाऱ्या गहिनीनाथ गागरे यांनी १९९३ साली एक जुना संगणक घेतला. त्यांची मुलगी दीपा त्यावर एक खेळ खेळत असे. निकामी यानात अडकलेल्या अंतराळवीराला माउसने उपयोगी वस्तू शोधून देत बाहेर काढायचे, असा तो खेळ होता. कावीळ होऊन दीपा गेली, तेव्हा तो वीर शेवटच्या बंद दारापाशी उभा होता. तेथवरचा खेळ तिने फ्लॉपीवर साठवला होता. गहिनीनाथ रोज सायंकाळी तो उघडत, पत्नी मुक्ताबाईंसह नुसता पाहत आणि काहीही न हलवता बंद करीत.

दसऱ्याला मुक्ताबाईंनी यंत्रांबरोबर लेकीच्या फ्लॉपीचीही पूजा केली. ओले कुंकू फ्लॉपीच्या उघड्या खाचेतून आतल्या चकतीवर उतरले. सायंकाळी संगणकाला ती वाचता येईना. आतला लाल डाग पाहताच गहिनीनाथांना सारे उमगले.

"आवं, दीपाचा मानूस कुठं हाय?" मुक्ताबाईंनी विचारले.

"दार उघडलं. घरी गेला तो."

"सुटला बिचारा!" त्यांनी रिकाम्या पडद्याला हात जोडले. "पन मला हाक मारायची हुती की. जाताना तरी बघितला असता."