कोऱ्या रक्ताची परीक्षा

डॉ. निलांबिका बिराजदार यांनी पहिल्या भेटीत माझ्या प्रबंधाविषयी एकही प्रश्न विचारला नाही, याचा मला राग आला होता. सोलापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात रुजू होताना ती जाड प्रत मी मुद्दाम हाती धरली होती. मॅडमनी ती अदबीने बाजूला ठेवली आणि काचेची एक नळी पुढे केली.

"क्लोरोक्विनचं द्रावण यात ठेवाल?"

"हो."

"मग थोडं काचेलाच चिकटेल. उरलेलं मोजून तुम्ही पेशंटच्या नावावर लावाल."

मी प्रबंधाची प्रत उचलून पिशवीत टाकली. माझ्या बाबतीत हे क्वचित घडते.

क्लोरोक्विन हे मलेरियाचे औषध रक्तात किती उतरले हे मोजणे दिसते तितके सरळ नाही. हे औषध तांबड्या पेशींत दडून बसते. पेशी खाली बसल्यावर उरणारे नुसते वरचे पाणी तपासले तर उत्तर चुकते. मॅडमनी अख्ख्या रक्तातून ते बाहेर काढण्याची रीत बसवली, पुढे प्राण्यांच्या यकृताचे तुकडे वाटून त्यातले औषधही मोजले. मात्र ही रीत वेळेवर प्रसिद्ध करण्यात त्यांनी केलेली दिरंगाई मला आजही अक्षम्य वाटते. त्यांच्या हस्ताक्षराविषयी तर न बोललेलेच बरे.

त्यांचा एक दंडक होता: ज्याने मोजणी केली, त्यानेच अहवाल घेऊन वॉर्डात जायचे आणि ज्याचे रक्त, त्या माणसाला भेटायचे. मला हा वेळेचा अपव्यय वाटे.

कुंभारी गावच्या रेणुकाबाई वॉर्डात होत्या. विड्या वळून घर चालवणाऱ्या या बाईंना क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या होत्या, तरी काही आठवड्यांत ताप उलटला होता आणि रक्तात पुन्हा मलेरिया दिसला होता. गोळ्या घेतल्याच नसतील, तर त्याच पुन्हा द्यायच्या. घेऊनही गुण आला नसेल, तर औषध बदलायचे. निर्णय आमच्या आकड्यावर अडला होता. तुलनेसाठी औषध नसलेले रक्त, म्हणजे कोरा नमुना, लागतो. मी अभिमानाने स्वतःचे रक्त दिले. त्या कोऱ्या नमुन्याच्या आलेखावरही औषधाच्या जागी एक टेकाड उमटले. हा रक्तातलाच एखादा घटक असावा असे ठरवून मी ते रेणुकाबाईंच्या आकड्यातून वजा केले. बाकी जवळजवळ शून्य राहिली.

अहवाल घेऊन मी वॉर्डात गेलो. "गोळ्या घेतल्या नाहीत तुम्ही," मी सुनावले.

"समद्या खाल्ल्या की, सायेब! जहर कडू हुत्या, पर एक बी टाकली न्हाय." त्यांनी उशीखालून रिकामे पाकीट काढले.

"रिकामं पाकीट हा पुरावा नव्हे."

"मग काय पोट फाडून दावू?" त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

मी परतून मॅडमना हा संवाद ऐकवला. बहुधा कौतुकाच्या अपेक्षेने. त्यांनी अहवाल माझ्या हातून घेतला. "स्वल्प तडी," त्या कानडीत म्हणाल्या, "थोडं थांबा. कोरं रक्त कुणाचं?"

"माझं."

"सर्वेक्षणाला जंगलपट्ट्यात गेला होतात. मलेरिया होऊ नये म्हणून दर आठवड्याला गोळी घेत होतात ना?"

घेत होतो. शेवटची घेऊन काही आठवडे झाले होते. हे औषध शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, हे माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात होते. ते टेकाड माझ्या गोळीचे होते. मी एका खरे बोलणाऱ्या बाईच्या औषधातून माझे औषध वजा केले होते.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी बाही वर सारली. "माझं घ्या. पण आधी विचारा, काय काय खाल्लं ते." मी विचारले. मग रक्त घेतले आणि सारी मोजणी पुन्हा केली. रेणुकाबाईंच्या रक्तात औषध पुरेसे होते; गुण त्याचा येत नव्हता. नव्या अहवालावर मॅडमनी लिहिले, "कोरा नमुना सदोष होता." माझे नाव लिहिले नाही. "बाईंना मात्र तुम्हीच सांगा," एवढेच म्हणाल्या.

मी गेलो आणि क्षमा मागितली.

"व्हय की! आदीच सांगितलं हुतं," रेणुकाबाई म्हणाल्या. "तुमच्या मशिनीला लई उशिरा कळतंय!"

औषध बदलले, ताप उतरला. महिनाभराने त्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन विभागात आल्या. मॅडमनी अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. "खा. आज गोळी-बिळी घेतली नाही ना?"

त्यानंतर कोरे रक्त देणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे आधी प्रश्न विचारले जातात, विभागप्रमुखालाही. चकचकीत यंत्रे आज अनेकांकडे आहेत. स्वतःवर संशय घेण्याची शिस्त फार थोड्यांकडे. ती मॅडमच्या विद्यार्थिनींकडे आहे, म्हणून मी आशावादी आहे. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब कागदावर वाळवून औषध मोजण्याची रीत या विद्यार्थिनी सध्या बसवत आहेत. ती साधली की वैराग-होटगीसारख्या गावांतल्या रुग्णाला नुसत्या तपासणीसाठी सोलापूर गाठावे लागणार नाही. आणि अहवाल पोचवायला त्या स्वतः रुग्णाच्या गावी जातील, हे त्यांनी न सांगताच ठरवले आहे.

मॅडम आज पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. अजून त्यांना कोणतीही गोळी लागत नाही. त्यांचे रक्त असेच कोरे राहो, आणि शंभराव्या वर्षीही विभागात येऊन त्यांनी आम्हाला दटावून विचारावे: "आज कोरं रक्त कुणाचं? त्याला विचारलंत का?"