डोक्यात नेलेला माग

मी मँचेस्टरला प्रोजेक्टवर होते त्या वर्षी ऑफिसने आमच्या टीमला एक दिवस जुनी कापडगिरणी बघायला नेलं. गिरणीचं आता म्युझियम झालं होतं. तिथल्या म्हाताऱ्या गाईडने यंत्रमाग सुरू केला आणि कानठळ्या बसल्या. माग थांबल्यावर तो सांगू लागला. दोनशे वर्षांपूर्वी इथली यंत्रं, त्यांचे आराखडेसुद्धा, देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी होती. तरी एक श्रीमंत अमेरिकन पाहुणा म्हणून आला, गिरण्यांतून हिंडला, माग डोक्यात साठवला आणि परत जाऊन एका मेकॅनिकच्या मदतीने तसाच उभा केला.

"अमेरिकेतल्या मोठमोठ्या गिरण्या त्यातून उभ्या राहिल्या," गाईड म्हणाला.

आमचा इंग्रज मॅनेजर खूश. "क्लेव्हर चॅप!" म्हणत त्याने चक्क टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

पुढच्याच शुक्रवारी माझा तिथला शेवटचा दिवस होता. सोमवारपासून तेच काम मी पुण्याहून करणार होते. मॅनेजरने मला आणि माझ्याबरोबर परतणाऱ्या नागपूरच्या सहकाऱ्याला रिसेप्शनपाशी अडवून बॅगा उघडायला लावल्या. त्याच दिवशी नोकरी सोडणारा एक इंग्रज सहकारी आमच्यासमोरून बॅग खांद्याला लावून, बाय करून निघून गेला.

माझ्या बॅगेत वही निघाली. सिस्टिम कुठे अडते, मी ती कशी सोडवली, हे दीड वर्ष मी मराठीत टिपून ठेवलं होतं.

"ही इथेच राहील," मॅनेजर म्हणाला.

"त्या अमेरिकन माणसासाठी तुम्ही टाळ्या वाजवल्या! आणि तुम्हीच सोपवलेल्या कामाची माझी वही मी न्यायची नाही?"

"दॅट वॉज हिस्टरी."

सहकारी हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, फ्लाइट चुकेल." मी तिथल्याच खुर्चीवर बसले आणि एचआरला बोलवा म्हटलं.

एचआरची बाई आली. "तपासायच्या तर सगळ्यांच्या बॅगा तपासा. आमच्या दोघांच्याच का?" मी विचारलं. ती मॅनेजरला बाजूला घेऊन गेली. अर्ध्या तासाने वही परत मिळाली, तीही पानन् पान फोटोकॉपी करून घेतल्यावर. सॉरी कोणी म्हटलं नाही.

एअरपोर्टच्या ट्रेनमध्ये सहकारी म्हणाला, "मिळाली ना वही? सोड आता."

"वही मिळाली. पण चारचौघांत चोर ठरवलं, त्याचं काय?"

सोमवारी आम्हां दोघांनाही त्याच मॅनेजरला रिपोर्ट करायचं होतं.