तांतेचं सपाट माप

तांतेइतकी भित्री बाई मी आजवर पाहिलेली नाही. सारा जन्म गोठ्यात काढलेली, हाडापेरानं थोराड अशी ही डच म्हातारी खुराकाच्या मापाला घाबरायची. माप भरलं की तळहातानं काठाशी सपाट करायची आणि शिगेवरचे चार दाणे पुन्हा पोत्यात टाकायची. तांते म्हणजे मावशी. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहराजवळच्या त्या खेड्यात सगळे तिला तेच म्हणत. नवऱ्याच्या संगणक-चिपच्या कारखान्यातल्या नोकरीमागून इथे आलेली मी, सायकल हाणत तिच्याकडे कामाला जायचे.

"भूक दिसते, हाडं दिसत नाहीत," हे तिचं पालुपद. तिच्या कालवडी मांसासाठी पाळतात त्या जातीच्या. खुराक कमी पडला तर त्या वेळेवर माजावर येत नाहीत, आणि हंगाम चुकलेली कालवड खाटकाकडे जाते. जास्त पडला तर फार लवकर येतात. कमरेची हाडं रुंदावण्याआधीच गाभण राहिल्या तर विताना जिवावर बेततं. म्हणून तांते वरचेवर फीत घेऊन एकेकीची छाती मोजायची आणि मगच माप ठरवायची.

मी पडले मराठी. कुणाचं ताट रिकामं दिसलं की आमचा हात आपोआप पुढे होतो. एक तांबडी कालवड सगळ्यांत लहान आणि बारकी होती. ही खाटकाकडे जाणार या धास्तीनं मी तिला रोज चोरून एक जास्तीचं माप घालू लागले. फितीवरचा आकडा वाढला तेव्हा तांते म्हणाली, "यंदा गवत चांगलं आहे." मी मान डोलावली.

उन्हाळ्यात शेजाऱ्याचा वळू पाण्याचा चर ओलांडून आमच्या कुरणात शिरला. तांते पांढरीफटक पडली. माजावर येऊ लागलेल्या, पण हाडं अजून न भरलेल्या कालवडींना गर्भ राहू नये म्हणून तिनं जनावरांच्या डॉक्टरांकडून इंजेक्शनं देववायचं ठरवलं. तांबडीपाशी थांबून मला विचारलं, "ही अजून माजावर आलेली नाही ना? मग उगाच सुई कशाला?"

आदल्याच दिवशी मी तांबडीला दुसरीवर उड्या मारताना पाहिलं होतं; माजाची खूणच ती. खरं सांगितलं तर चोरी उघडी पडणार.

"नाही आलेली," मी म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी सायकल लावली की मी आधी तांबडीची कूस पाहायचे. तांबडीचं पोट दिसू लागलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. इंजेक्शनाची वेळ केव्हाच टळली होती. तांते पोत्यावर बसली. मग म्हणाली, "घाबरलीस, त्यात काही वाईट नाही. घाबरून गप्प बसलीस, ते वाईट."

विण्याच्या दिवशी वासरू अडलं. डॉक्टरांनी पोट कापलं. तांते तांबडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी तांतेचा खांदा धरून उभी होते. तांबडी वाचली. वासरू गेलं. ते उचलताना तांतेनं मला बाजूला केलं नाही, आणि याचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

पुढे तिचे गुडघे गेले आणि गोठा पुतण्याकडे आला. मी अजून तिथेच काम करते. वृद्धाश्रमात तिला शेवटचं भेटले तेव्हा तिनं माझा हात धरून विचारलं, "अजून घाबरतेस ना?"

"रोज."

"आणि सांगतेस?"

"लगेच सांगते."

"मग मी आता जरा पडते," असं म्हणून तिनं डोळे मिटले. ती बाई निर्धास्त झालेली मला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसली.