समोर बसून बोलणारी

वडील गेले तेव्हा तात्यांना धड मिसरूडही फुटलं नव्हतं. घरात आई, पाठच्या दोन बहिणी, आणि कमावता कुणीच नाही. वडील गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचे. तिथल्याच मालकाने तात्यांना मोठ्या करवतीवर घेतलं आणि उभं आयुष्य त्यांनी त्या करवतीसमोर उभ्यानेच काढलं.

करवत सुरू झाली की कानठळ्या बसायच्या. बाकीचे कानात कापूस कोंबायचे. तात्या म्हणायचे, "आवाज बदलला की कळायला हवं. आत खिळा असला तर बोटं जातील." बोटं शेवटपर्यंत शाबूत राहिली. कान गेले.

गेले तेही गुपचूप, वर्षावर्षाने. दोन्ही बहिणींची लग्नं झाली, मग त्यांचं स्वतःचं झालं. बायको आली ती हळू आवाजाची, भांडी विसळतानासुद्धा काहीतरी गुणगुणणारी. संध्याकाळी केसांतला भुसा झटकत तात्या दारात उभे राहायचे ते हे गुणगुणणं ऐकायला. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, हल्ली ही गात नाही. काही बिनसलंय का म्हणून ते तिच्या जवळ गेले, तर ती गातच होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वखारीत कळलं तर करवतीवरून काढतील, आणि घरी दोन लेकरं शाळेत जाणारी.

बायकोला संशय होताच. एका रविवारी तात्या ओसरीवर नखं काढत बसले होते. ती मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, घराला आग लागली."

तात्यांनी शांतपणे करंगळीचं नख काढलं.

"तुमची सासू राहायला येतेय. कायमची."

तात्या अंगठ्याकडे वळले. मग मात्र ती पुढे येऊन खाली बसली. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तात्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजायचं ते समजले. "केव्हापासून?" तिने विचारलं. त्यांनी नुसते खांदे उडवले.

त्या दिवसापासून ती त्यांच्यासमोर बसून बोलायला लागली. ओरडायची नाही. "ओरडून बोललं की आख्ख्या गल्लीला वाटतं आपलं भांडण चाललंय," म्हणायची. आधी खांद्याला हात लावायचा, त्यांची नजर आली की मग सावकाश, एकेक शब्द ओठांवर ठेवत बोलायचं. तात्यांना ओठ वाचायला तिनेच शिकवलं. सुरुवातीला फार घोटाळे झाले. तिने पीठ आणायला सांगितलं तर हे मीठ घेऊन आले, तेही दोन वेळा. दोघं पोट धरून हसली.

पण ही विद्या तिच्याच ओठांवर चालायची. इतर लोक घाईघाईत बोलत, बोलताना मान फिरवत, तोंडावर हात ठेवत. मुलांनासुद्धा सवय होऊन गेली. "आईला सांग, ती तात्यांना सांगेल." मुलाने लांबच्या शहरात नोकरी धरली तेही तात्यांना तिच्याकडून कळलं. मुलीने आपलं लग्न आपण ठरवलं तेही. फोन आला की ती कानाला लावायची, आणि ऐकता ऐकता ओठ हलवून त्यांना सगळं सांगायची. मुलाने कानात घालायचं यंत्र आणून दिलं. त्यात ताटांचा आवाज ढगांच्या गडगडाटासारखा यायचा आणि माणसांचा येतच नसे. तात्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

वखार बंद पडली तेव्हा तात्यांची साठी उलटून गेली होती. मग कुठे त्यांना दिवसाउजेडी आपलं घर दिसलं. तेच त्यांचे सुखाचे दिवस. ती मटार सोलत समोर बसायची आणि गल्लीतल्या सगळ्या खबरी तिखटमीठ लावून सांगायची. चाळीस वर्षांत बोलायचं राहिलेलं जणू दोघं भरून काढत होती.

एका सकाळी तात्या मागच्या अंगणात, घराच्या दाराकडे पाठ करून, नातीसाठी स्टूल करत होते. रंधा छान चालला होता. कुंपणाच्या फाटकातून शेजारीण आत येताना दिसली तसा त्यांनी हसून हात केला, "या, या!" ती थांबली नाही. धावतच घरात शिरली. तात्या रंधा टाकून मागोमाग गेले.

बायको बाथरूमच्या ओल्या फरशीवर पडली होती. पाय वेडावाकडा वळलेला, चेहरा पांढराफटक. तात्यांना पाहून ती हसायचा प्रयत्न करत होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारीण मुलीला सांगत होती, "किती वेळ हाका मारत होती गं बिचारी! मला आधी वाटलं, कुठे रेडिओ लागलाय." तात्या समोरच्या बाकावर होते. परक्या माणसाचे ओठ त्यांना कधी धड कळायचे नाहीत. त्या दिवशी नेमका शब्दन् शब्द कळला. मुलगी झटकन मध्ये येऊन उभी राहिली, पण तोवर उशीर झाला होता.

ऑपरेशन नीट झालं. मग छातीत कफ साठला, ताप चढला, आणि नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. तात्या पलंगाशी बसून होते. ती डोळे उघडायची, त्यांच्याकडे बघायची आणि बोलायची. मास्कवर वाफ धरायची, ओठ दिसायचे नाहीत. "जरा काढा की हो हे," तात्यांनी नर्सला हात जोडले. नर्सने मान हलवली.

शेवटी त्यांनी मुलीला म्हटलं, "तू ऐक. काय म्हणते ती?"

मुलीने आईच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तात्यांच्या समोर आली आणि सावकाश म्हणाली, "आई म्हणते, मी हाक मारलीच नव्हती."

तात्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन आली. जावई सज्जन, नात लाघवी, खाण्यापिण्याची आबाळ नाही. पण घर धावपळीचं. मुलगी नोकरी करून यायची, काहीतरी बोलायला लागायची आणि अर्ध्या वाक्यात पाठ फिरवून ओट्याकडे जायची. जेवताना सगळे हसले की तात्याही हसायचे, जरा उशिरा. ते आता भिंतीला पाठ लावूनच बसायचे. कुठल्याही दाराकडे त्यांनी पुन्हा पाठ केली नाही. लाकडालाही हात लावला नाही.

अशी सात-आठ वर्षं गेली. एकदा सुट्टीच्या दिवशी मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. तात्या मध्येच म्हणाले, "मास्कमधून तुला खरंच ऐकू आलं होतं?"

तिचे हात थांबले. ती उठून त्यांच्या पुढ्यात येऊन बसली, आईसारखी. "नाही हो, तात्या. नुसती घरघर होती. मला काहीच कळलं नाही. तुमच्याकडे बघवेना, म्हणून माझ्या मनाचं सांगितलं."

"मला वाटलंच," तात्या म्हणाले. "थापा मारण्यात ती तुझ्यापेक्षा तरबेज होती. काहीतरी झकास रचलं असतं तिने." हसायला गेले आणि त्यांचा चेहरा पिळवटला. "पाणी मागितलं असेल गं. घशाला कोरड पडली असेल. पाणी पाहिजे असेल फक्त."

मुलगी रडत राहिली. तात्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर ते आणखी तीन वर्षं जगले. त्या तीन वर्षांत कामावरून आली की मुलगी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसायची आणि दिवसभराचं सांगायची. आईइतकं तिला जमत नसे. ती दमलेली असायची, शब्द ओठांतल्या ओठांत गिळायची, आणि पुष्कळदा सांगता सांगता तिचा डोळा लागायचा. मग तात्या तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत तसेच बसून राहायचे, ती आपण होऊन जागी होईपर्यंत.